‘हंगर गेम्स’ आणि केळझरचा बकासुर: डिस्टोपियन कादंबऱ्या तरुणांना इतकं वेड का लावतात?

सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी २००८ साली आली. पुढचे दोन भाग २००९ आणि २०१० मध्ये आले आणि जगभरातली किशोरवयीन मुलं या मालिकेच्या प्रेमात पडली. मालिका परदेशी असली, तरी तिच्या गाभ्याशी असलेली गोष्ट मराठी वाचकांनी लहानपणीच ऐकलेली असते. वर्धा जिल्ह्यातल्या केळझरमध्ये तर ती आपल्याच गावात घडली, असं मानतात.

डिस्टोपिया म्हणजे काय?

आदर्श समाजाच्या कल्पनेला युटोपिया म्हणतात. त्याच्या उलट, अन्यायावर आणि भीतीवर चालणारा काल्पनिक समाज म्हणजे डिस्टोपिया. ‘हंगर गेम्स’मधल्या पॅनेम देशात कॅपिटल हे श्रीमंत शहर बारा जिल्ह्यांवर राज्य करतं. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून १२ ते १८ वयोगटातला एक मुलगा आणि एक मुलगी सोडत काढून निवडली जाते. या २४ जणांनी एकच उरेपर्यंत एकमेकांना मारायचं आणि देशाने ते टीव्हीवर पाहायचं.

केळझरची आख्यायिका

केळझर हे सेलू तालुक्यातलं, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं गाव. इथलं टेकडीवरचं सिद्धिविनायक मंदिर विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक आहे. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, अशी इथली श्रद्धा आहे. जळगाव जिल्ह्यातलं एरंडोल आणि देशातली आणखी काही गावंही हाच मान सांगतात.

आदिपर्वातल्या कथेनुसार एकचक्रेतले लोक बकासुराला गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस पोचवत. प्रत्येक घराची पाळी ठरलेली असे. पाळी चुकवू पाहणाऱ्याचं सगळं कुटुंबच राक्षस संपवत असे. राजा दुबळा होता, तो काहीच करत नसे.

दोन्ही गोष्टींत साम्य काय?

नियम वरवर सगळ्यांना सारखाच असतो, पण गरिबाला त्यातून सुटका नसते. पांडव ज्या घरात राहत होते, तिथला ब्राह्मण म्हणतो, आपल्याऐवजी दुसरा माणूस विकत घेऊन पाठवायला आपल्याकडे पैसा नाही. पॅनेममध्ये जादा धान्य आणि तेल हवं असेल, तर सोडतीत आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. कथेची नायिका कॅटनिस १६ वर्षांची आहे. घर चालवता चालवता तिच्या नावाच्या २० चिठ्ठ्या झालेल्या असतात.

दोन्हीकडे कोणीतरी स्वतःहून पुढे येतं. ब्राह्मणाच्या घरात आई, वडील आणि मुलगी प्रत्येक जण ‘मी जाते’, ‘मी जातो’ म्हणतात. शेवटी कुंती भीमाला पाठवते. कॅटनिस मात्र १२ वर्षांच्या धाकट्या बहिणीच्या जागी स्वतः उभी राहते.

मग नवं काय?

भीम बाहेरून आलेला आणि बलाढ्य आहे. त्याने बकासुराला मारलं की गाव सुटतं. कॅटनिसला वाचवायला कोणी भीम येत नाही. तिच्यासमोर एक राक्षस नसून सगळी राज्यव्यवस्थाच आहे आणि तिसऱ्या भागात तर बंडखोरांच्या नेत्यांवरही संशय घ्यावा लागतो. मोठ्यांनी केलेले नियम पाळायचे, पण ते बदलण्याचा अधिकार नाही, हा अनुभव त्या वयात रोजचाच असतो. त्यामुळे वाचक कॅटनिसच्या जागी स्वतःला सहज पाहतो.

पुस्तकातून रस्त्यावर

हे प्रेम पुस्तकापुरतं राहिलं नाही. मालिकेतला तीन बोटं उंचावण्याचा सलाम थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी वापरला. २०२१ मध्ये म्यानमारच्या तरुणांनीही तोच हात उंचावला. तिथे तो उंचावणाऱ्याला अटकेचा धोका खराखुरा होता.

सुरुवात कुठून करावी?

आधी मूळ तीन भाग वाचावेत: ‘द हंगर गेम्स’, ‘कॅचिंग फायर’ आणि ‘मॉकिंगजे’. त्याआधीच्या काळातलं कथानक सांगणाऱ्या दोन कादंबऱ्या नंतर, २०२० आणि २०२५ मध्ये आल्या. आणि आदिपर्वातली बकवधाची कथा सोबत वाचली, तर त्या घरातला सर्वांत लहान मुलगाही भेटेल. मोठी माणसं रडत असताना तो हातात गवताची काडी घेऊन म्हणतो, राक्षसाला मी हिनेच मारतो.