लोदींचं लुधियाना
स्वेटरच्या मानेमागचं ‘लुधियाना’ हे लेबल टोचतं, पण त्यात दडलेले लोदी काही दिसत नाहीत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस, दिल्लीच्या सुलतान सिकंदर लोदीच्या अमलात सतलजकाठी ठाणं वसलं, ते ‘लोदियाना’. बोलता बोलता ‘लो’चा ‘लु’ झाला, ‘द’चा ‘ध’. लोदी किल्ल्याचे पडके अवशेष अजून आहेत. घंटाघराजवळचा चौडा बाजार मात्र नावाला जागत नाही: चौडा म्हणजे रुंद, आणि तिथे खांद्याला खांदा घासतो! आपण गावाला ‘कर’ लावून आडनाव करतो, तिकडचे शायर ‘वी’ लावतात. १९२१ साली इथे जन्मलेले अब्दुल हयी मुंबईत गाजले ते साहिर लुधियानवी म्हणून. ‘साहिर लुधियानकर’? छे!