'इंडिका' हे नाव कोणी दिले?

वस्तीत व्यसनमुक्तीचे काम करताना आमच्या कानावर सध्या एक नवा शब्द येतो. "दादा, हा साधा गांजा नाही, इंडिका आहे. डोके शांत होते, झोप लागते." हे सगळे मोबाइलवर वाचलेले ज्ञान. इंडिका म्हणजे बुटके झाड, रुंद पाने, अंग सैल करणारी नशा; सॅटिव्हा म्हणजे उंच झाड, अरुंद पाने, तरतरी आणणारी नशा. ही विभागणी आली कुठून?

१७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसने या वनस्पतीला 'कॅनाबिस सॅटिव्हा' हे नाव दिले. १७८५ मध्ये फ्रान्सच्या लामार्कने भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून 'कॅनाबिस इंडिका' ही वेगळी जात मांडली. पण त्याने वर्णन केलेले झाड अरुंद पानांचे होते! आज 'इंडिका' म्हणून विकले जाणारे रुंद पानांचे वाण मुळात अफगाणिस्तान आणि हिंदुकुश भागातले. ते १९७० च्या दशकात अमेरिका-युरोपात पसरले. म्हणजे भारताचे नाव चिकटले अफगाण झाडाला, आणि भारतातल्या अरुंद पानांच्या गांजाला बाजार सॅटिव्हा म्हणू लागला.

पुढे विज्ञानानेही या लेबलाची पोलखोल केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात जमैकाचा 'शंभर टक्के सॅटिव्हा' वाण अफगाणिस्तानच्या 'शंभर टक्के इंडिका' वाणाशी जवळजवळ तंतोतंत जुळला. नशा किती चढेल हे टीएचसीचे प्रमाण, मात्रा आणि ओढणाऱ्याचे शरीर-मन यांवर ठरते, पुडीवरच्या नावावर नाही.

वासेट्ठ सुत्तात तथागत सांगतात की गवत-झाडांमध्ये जातीजातीची लक्षणे दिसतात, माणसांमध्ये तशी दिसत नाहीत. इथे तर बाजाराने झाडालाही खोटी जात चिकटवली. जन्माच्या लेबलावरून गुण ठरवण्याची लबाडी आपण नाही ओळखणार तर कोण?

लेबलाचे राजकारण कायद्यातही आहे. १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने ११९३ साक्षी नोंदवल्या. आयोगाच्या सात सदस्यांत तीन भारतीय होते, पण त्यांत कष्टकरी एकही नव्हता. गांजा ओढणारे मात्र मुख्यतः कष्टकरी, हे त्याच अहवालात आहे. आयोगाने बंदी नको, कर आणि परवाना हवा असे सुचवले. पुढे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने फुलोऱ्याला 'गांजा' ठरवून गुन्हा केले आणि नुसती पाने वगळली. म्हणून उत्तर प्रदेश-राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकाने चालतात आणि त्याच झाडाच्या फुलोऱ्यासाठी वस्तीतला पोरगा आत जातो. एक किलोपर्यंतच्या 'अल्प' मालालाही एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

हा दुजाभाव आहे आणि त्याविरुद्ध आम्ही बोलणारच. पण म्हणून गांजाची भलामणही आम्ही करणार नाही. जोतीरावांनी १८८० मध्ये पुण्यातल्या वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले होते. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारूचा त्याग आहे, आणि पंचशीलाचे पाचवे शील तर सगळ्याच नशेपासून सावध करते.

तेव्हा मित्रांनो, कोणी 'इंडिका आहे, काही होत नाही' म्हणाले तर त्याला हा इतिहास सांगा. कायद्याला इंडिका-सॅटिव्हा कळत नाही, त्याला फक्त गांजा कळतो. जामिनासाठी मंगळसूत्र गहाण टाकणाऱ्या आईलाही तेवढेच कळते.

जय भीम!