ठेका कोणाचा, थांबायचं कोणी?

मंडळी, आपल्या बोरी अरबच्या भागात कापूस घरात यायला लागतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास. पुढच्या काही महिन्यांत बहुतेक माल बाजारात जातो. सूतगिरणीची चाती मात्र बाराही महिने फिरतात. पिकण्याची लय एक, वापरण्याची दुसरी. मधे उभा असतो जिन, आणि त्याच्यापुढे रोजचा प्रश्न असतो: पुढचा कापूस यंत्रावर कधी सोडायचा?

कारखानदारीत याचं उत्तर 'टाक्ट' या जर्मन शब्दाने देतात. टाक्ट म्हणजे संगीतातला ठेका. 1930च्या दशकात जर्मन विमान कारखान्यांत अर्धवट विमानं ठराविक वेळाने एकदमच पुढच्या जागी सरकवली जात. ही कल्पना जपानात गेली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाच्या पद्धतीत मुरली.

टोयोटाचं मूळही कापसातच आहे, बरं का! साकिची टोयोडा हे मागांचे संशोधक. सूत तुटलं की आपोआप थांबणारा त्यांचा स्वयंचलित माग 1924 सालचा. त्याचे हक्क 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने घेतले. जपानी गिरण्यांना तेव्हा हिंदुस्थानचा कापूस लागे. 1893 साली जमशेटजी टाटांच्या सहभागाने मुंबई-कोबे बोटसेवा सुरू झाली, तीही मुख्यतः कापसासाठीच.

आता हिशेब करू. समजा पाळी आठ तासांची. अर्ध्या तासाची सुट्टी वजा केली की 450 मिनिटं उरतात. गिरणीला रोज 30 गाठी हव्यात. 450 भागिले 30, म्हणजे दर 15 मिनिटांनी एक गाठ. हा झाला टाक्ट. पण माल एकेक गाठ करून उचलत नाहीत. एका खेपेला सहा गाठी जात असतील, तर 15 गुणिले 6, म्हणजे 90 मिनिटं. हे काम सोडण्याचं अंतर. गाठ 170 किलोची आणि रुईचा उतारा 34 टक्के धरला, तर एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. दर 90 मिनिटांनी 30 क्विंटल सोडायचा, दिवसात पाच वेळा.

यात यंत्राचा वेग कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. यंत्र दहा मिनिटांत गाठ देत असलं, तरी ठेका घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरतो. जास्तीचं काढलं की ते नुसतं पडून राहतं.

इथे मला तत्त्वज्ञानाचा प्रश्न दिसतो. कारखाना म्हणतो, साठा म्हणजे नासाडी. पण बोंडं काही टाक्ट पाहून फुटत नाहीत. वर्षाचा कापूस कुठेतरी पडून राहणारच: गिरणीत, व्यापाऱ्याच्या गोदामात किंवा कास्तकाराच्या घरात. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याला थांबणं परवडत नाही. तो पडत्या भावात विकतो. 1972 साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत सरकार मधे उभं राहिलं, तेव्हा कापूस घरातून गेला खरा, पण चुकाऱ्याची वाट पाहणं कास्तकाराच्याच वाट्याला आलं.

गणित चोख आहे. ते माल किती वेळाने सोडायचा ते सांगतं. थांबण्याचा खर्च कोणी सोसायचा, ते सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं. गोदामाची पावती, तारण कर्ज आणि वेळेवर चुकारा या गोष्टी मी न्यायाच्या प्रश्नात धरतो त्या यासाठी.