खुरप्यानंतरचा पंप

आमच्या रानात तण म्हणजे आजीचं खुरपं. लव्हाळ्याची गाठ मातीत राहिली, की आठवड्यात तो पुन्हा हजर. हरळीचं तर बोलूच नये.

गाजर गवत मात्र आजीला लहानपणी माहीतच नव्हतं. १९५०च्या दशकाच्या मध्यावर ते पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. परदेशी गव्हातून आलं म्हणतात. लोकांनी नाव ठेवलं काँग्रेस गवत. उपटताना हातांना खाज सुटायची. १९८०च्या दशकात ते खाणारे मेक्सिकन भुंगे सोडले गेले. पावसाळ्यात ते पानं फस्त करतात, उन्हाळ्यात मातीत दडी मारतात.

टू-फोर-डी हे तणनाशक अमेरिकेत १९४५ साली बाजारात आलं. आमच्या वडिलांच्या हाती बऱ्याच वर्षांनी. उसात रुंद पानांचं तण जळालं, ऊस उभा राहिला. खूश होऊन त्यांनी तोच पंप नुसता खंगाळून कपाशीत नेला. चार दिवसांत कपाशीची पानं भेंडीसारखी चिरली. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, लाल चिंधी बांधलेला. फवारणी वारा पडल्यावर, पंख्याच्या आकाराच्या नोझलने, हातमोजे घालून. गाजर गवतावर फुलं यायच्या आधीच.

लव्हाळा अजून आहे. खुरपंही.