अरबी समुद्राच्या तळाचा नकाशा

२८ नोव्हेंबर १९४५. पहाटे साडेतीनच्या सुमारास बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्राचा तळ हादरला. भूकंपाची तीव्रता ८.१ होती. पसनी गावातील घरे कोसळली व पुढे आलेल्या लाटांनी तेथील मच्छीमारांची वस्ती धुऊन नेली. मुंबईत सकाळी आठनंतर पाणी एकाएकी सुमारे दोन मीटर चढले, नांगरलेली होडकी वाहून गेली आणि पंधरा माणसे प्राणास मुकली. लाट कारवारपर्यंत पोचली.

मध्ये साडेचार-पाच तास गेले होते. कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपमापक होता, तारायंत्रेही होती. नव्हती ती एकच गोष्ट : समुद्राखाली काय आहे आणि तेथून किनाऱ्यावर काय येऊ शकते, याचे ज्ञान.

आपले जुने तांडेल दोरीला शिशाचा गोळा बांधून पाण्याचा ठाव घेत आणि किती वाव पाणी आहे ते सांगत. बंदरात शिरायला तेवढे पुरे होते. खोल दर्यात ही रीत चालेना, म्हणून ध्वनीचा उपयोग सुरू झाला. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी चार सेकंदांनी परतला तर तळ ३००० मीटरांवर.

ह्याच साधनानिशी ३ सप्टेंबर १९३३ रोजी अलेक्झांड्रियाहून 'मबाहिस' हे इजिप्तचे जहाज निघाले. मोहिमेचे प्रमुख सेमूर स्यूएल हे इंग्रज होते. पण खलाशी इजिप्तचे, आणि शास्त्रज्ञांत डॉ. अब्देल फत्ताह मोहम्मद व डॉ. हुसेन फौजी हे दोघे इजिप्शियन होते. (मबाहिस म्हणजे संशोधने, उर्दू जाणणाऱ्यांना हा शब्द परका वाटणार नाही.) मे १९३४ मध्ये जहाज परतले ते अरबी समुद्रातील बुडालेल्या डोंगररांगांची मापे घेऊन. त्यातील एका रांगेला 'मरे रिज' हे नाव मिळाले. ती मकरानपासून दूर नाही. पण तळाचे डोंगर दिसले, तरी ते का उभे आहेत हे तेव्हा कोणाला उमगलेले नव्हते.

ते उमगले १९६० नंतर, भूपट्टांचा सिद्धांत रुजल्यावर. मकरानजवळ अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो आहे. १९९० च्या दशकात जर्मनीच्या 'सोन्ने' जहाजाने अनेक ध्वनिकिरण एकदम सोडून तेथील उतारांचे तपशीलवार नकाशे केले. मुंबईची लाट उशिरा का आली हेही तळाच्या खोलीवरून समजते. तीन हजार मीटर खोलीवर अशी लाट ताशी सहाशे किलोमीटरांवर धावते, पन्नास मीटरांवर जेमतेम ऐंशी. आणि मुंबईसमोरचा उथळ तळ जवळजवळ तीनशे किलोमीटर पसरलेला आहे. त्या उथळपणाने आपल्याला तास मिळवून दिले होते. ते वाया गेले.

२००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादेत इशारा केंद्र उभारले गेले व २००७ पासून ते काम करू लागले. सुमात्रा-अंदमान आणि मकरान या दोन्ही क्षेत्रांवर त्याची नजर असते. तरी पसनीचे एक कोडे अभ्यासकांना सतावते. १९४५ साली तेथील मोठी लाट भूकंपाबरोबर नव्हे, बऱ्याच वेळाने आली. हादऱ्याने समुद्राखालचा गाळाचा उतार घसरला असावा, असे काही संशोधकांचे मत आहे. असे असेल तर नुसती भूकंपाची तीव्रता पाहून लाटेचा अंदाज चुकू शकतो. कोणता उतार ढासळण्याच्या बेतात आहे हेही आधीच मोजलेले हवे. आणि जगातील समुद्रतळाचा नीट मोजलेला भाग आजही जेमतेम चतुर्थांशाच्या थोडा पुढे गेला आहे.