हे बनवलं कोणी, जी?

गोव्याला जाऊन आलो आणि समुद्राचे फोटो का नाहीत, अशी विचारणा घरातल्या बऱ्याच मंडळींनी केली आहे. वडशाच्या आत्याने तर फोनवर सरळ विचारलं, "गेले होते ना नक्की?" गेलो होतो आत्या. पण चार दिवसांतला एक अख्खा दिवस जुन्या गोव्यात गेला, आणि डोक्यात राहिला तो तेवढाच. त्यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. आज धरणावर पाऊस लागलाय, तरीही लाइट आहे (हे नवलच), तेव्हा बसलो लिहायला.

इटियाडोहहून गोवा म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक ते दुसरं टोक. अर्जुनीहून गोंदिया, तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेसने एक दिवस आणि एक रात्र करत कोल्हापूर, मग गाडीने घाट उतरून खाली. सहलवाल्याने बारा जणांची मोट बांधली होती. आई आणि मी धरून. गाईड गोव्याचाच, पन्नाशीचा, मराठी छान बोलणारा. त्याचा क्रम ठरलेला होता: सकाळी चर्चेस आणि म्यूझियम, दुपारी मंगेशी आणि शांतादुर्गा, संध्याकाळी पणजीला बोट. गोव्यातली जवळजवळ प्रत्येक सहल हाच क्रम करते. या क्रमात काय दडलंय ते मात्र मला दुपारपर्यंत कळलं नव्हतं.

पहिला थांबा बॉम जेझूस. बांधकाम १५९४ ला सुरू, १६०५ ला पूर्ण. तांबड्या जांभ्या दगडाची उघडी भिंत बघून आमच्यातल्या एकाने "काय जुनं वाटतं ना!" असं म्हणत दहा फोटो काढले. गंमत अशी की हे 'जुनेपण' १९५० च्या दशकातलं आहे. त्याआधी या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता, गोव्यातल्या बाकीच्या चर्चेससारखी हीसुद्धा पांढरी होती. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काळात तो गिलावा खरवडून काढला, इमारत प्राचीन दिसावी म्हणून. तेव्हापासून जांभा दर पावसाळ्यात पाणी पितोय आणि झिजतोय, आणि गिलावा परत करायचा की नाही यावर भांडण चालू आहे. मातीच्या धरणाशेजारी वाढलेल्या माणसाला पाण्यासमोर उघडं काही टाकलं की काय होतं ते सांगावं लागत नाही.

आत सेंट फ्रान्सिस झेवियर. १५५२ च्या डिसेंबरात चीनच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर वारले, १५५४ मध्ये शव गोव्यात आणलं, १६२२ ला संतपद. दर दहा वर्षांनी शव दर्शनासाठी खाली आणतात. गेल्या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं होतं. एरवी मान उंच करून चांदीची पेटी बघायची. गाईडने खालच्या संगमरवरी चौथऱ्याची सगळी हकीकत सांगितली: टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने तो पाठवला, फ्लॉरेन्सच्या जोवान्नी बातिस्ता फोज्जिनीने दहा वर्षं खपून घडवला, १६९८ मध्ये इथे बसवला. नाव, गाव, साल, सगळं.

आई मात्र वरच्या पेटीकडे बघत होती. चांदीचं इतकं बारीक काम, झेवियरच्या आयुष्यातले प्रसंग एकेका पत्र्यावर उठवलेले. तिने विचारलं, "हे बनवलं कोणी, जी?"

"इथलेच लोक, मावशी. गोव्याचे सोनार."

पेटी १६३६-३७ ची, म्हणजे चौथऱ्याच्या साठ वर्षं आधीची. पुस्तकांतही बहुधा एवढंच मिळतं: गोव्याचे सोनार. खालचा दगड फोज्जिनीचा आणि वरची चांदी 'इथल्या लोकांची'. आमच्याकडे नवेगावबांधचा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळींचं नाव शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं, त्यामुळे आईला हे उत्तर अपुरं वाटलं असावं. तिने तोच प्रश्न मग दिवसभर सोडला नाही.

से कॅथेड्रल पुढे भरभर झालं. प्रचंड आहे, १५६२ ला सुरू होऊन १६१९ ला मुख्य काम संपलं. दोनपैकी एक मनोरा १७७६ मध्ये पडला तो पडलाच. सेंट कॅथरीनच्या नावाने, कारण अल्बुकर्कने आदिलशहाकडून हे शहर घेतलं ते २५ नोव्हेंबर १५१० ला, तिच्या सणाच्या दिवशी. वेदीमागचं लाकडी कोरीव काम, त्यावर सोन्याचा मुलामा. ("हे कोणी, जी?" "इथलेच, मावशी.")

शेजारच्या सेंट फ्रान्सिस असिसीच्या मठात पुरातत्त्व खात्याचं म्यूझियम आहे. तिथे पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या तसबिरींचं दालन आहे. एकाला एक लागून दाढीवाले, चिलखतवाले. आमच्या गटाने ते दालन अक्षरशः चालता चालता संपवलं. पण त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १५४७ च्या सुमाराला दों जुआंव द कास्त्रोने आधीच्या सगळ्या गव्हर्नरांची चित्रं करायला सांगितली. गास्पार कोरैया नावाच्या बखरकाराने त्यांतले बहुतेक जण प्रत्यक्ष पाहिले होते, म्हणून चेहरे कसे होते ते त्याने आखून दाखवलं आणि रंगवली एका स्थानिक चित्रकाराने. कोरैयाने त्या चित्रकाराच्या हाताचं कौतुक लिहून ठेवलं आहे. आखणाऱ्याचं नाव आहे, बसणाऱ्यांची तर आहेतच. रंगवणारा पुन्हा 'इथला एक माणूस'. पुढच्या शतकांत त्या चित्रांवर इतक्यांदा नवे रंग चढवले गेले की त्याचा मूळ हातही आता फारसा उरलेला नाही.

मग टेकडीवर सांता मोनिका. नन्सचा मठ, १६०६ ला सुरू, १६२७ ला पूर्ण, १६३६ ला जळाला, पुन्हा उभा राहिला. पोर्तुगालने १८३४-३५ मध्ये धर्मसंघ बंद केले तेव्हा पुरुषांचे मठ रिकामे झाले. समोरचा ऑगस्टिनियन मठ १८३५ ला सोडला आणि १८४२ मध्ये त्या चर्चचं छत कोसळलं. आज ४६ मीटरचा अर्धा मनोरा तेवढा दिसतो. नन्सना मात्र राहू दिलं, नव्या घेऊ दिल्या नाहीत. शेवटची नन १८८५ मध्ये वारली. पन्नास वर्षं त्या प्रचंड इमारतीत बायका एकेक करून कमी होत गेल्या असतील... ते गाईडने एका वाक्यात सांगितलं आणि पुढे गेला. मला तिथे जरा थांबायचं होतं.

याच मठात ख्रिस्ती कलेचं म्यूझियम आहे. १९९४ मध्ये ते राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, २००२ मध्ये इथे आलं, आणि मोठी डागडुजी होऊन २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. धर्मसंघ गेले, शहर ओस पडलं, वस्तू विखुरल्या, त्यातलं जे हाताला लागलं ते इथे. एका गोलावर बसलेला चांदीचा पेलिकन पक्षी आहे, आपल्या रक्ताने पिल्लांना पाजणारा म्हणून तो ख्रिस्ताचं प्रतीक. आणि हस्तिदंताचा बाल येशू आहे, मेंढपाळाच्या रूपातला.

गोव्यात सतराव्या शतकात अशा मूर्ती पुष्कळ घडल्या, आज लिस्बन-लंडनच्या संग्रहालयांतही आहेत. घडण साधारण ठरलेली: खाली डोंगर, त्यात कोनाडे, झरा, मेंढ्या, तळाशी गुहेत पहुडलेली मेरी माग्दालेना, आणि सगळ्यात वर मांडी घातलेलं लेकरू, गाल हातावर टेकवलेला, डोळे मिटलेले. झोपलेलं की ध्यान लावलेलं ते सांगता येत नाही. आईने बघितलं आणि म्हणाली, "हा तर आपल्या गोठणगावचा आहे."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. इटियाडोह म्हणजे गाढवी नदीवरचं १९७० सालचं धरण. त्याच्या जवळच गोठणगावला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग तिचं नाव, आम्ही सगळे 'तिबेटी कॅम्प' म्हणतो. धानाच्या बांध्यांमधून सायकल मारत गेलं की अचानक रंगीत पताका आणि गोंपा. मूर्तीपुढे ओळीने पाण्याच्या सात वाट्या, लोण्याचे दिवे, भिंतीवर थांगके. आईने तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा तिथे पन्नास वर्षं बघितलाय. देव घेऊन परमुलखात आलेली माणसं कशी असतात हे आम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. हिवाळ्यात स्वेटर त्यांच्याकडूनच घेतो.

आईचं म्हणणं अगदीच भाबडं नाही. या मूर्तीची बैठक बुद्धाकडून आली असावी असं कलेच्या अभ्यासकांनीही म्हटलं आहे. हस्तिदंत कोरणाऱ्याच्या हाताला जी रीत ठाऊक होती ती त्याने येशूला दिली. गोव्यातल्या कितीतरी चर्चेसमध्ये पाद्री ज्या लाकडी सज्जात उभे राहून प्रवचन देतात, त्याच्या खाली नागकन्या कोरलेल्या असतात, तेही असंच.

आता यातला काटा. हे कारागीर पुष्कळसे हिंदू होते, आणि त्यांनी हे काम करायला बंदी होती. सोळाव्या शतकात पोर्तुगालच्या राजाकडून आणि गोव्याच्या धर्मसभांकडून (१५६७ ची पहिली प्रांतिक सभा त्यात आली) असे हुकूम निघाले की ख्रिस्ती नसलेल्यांनी येशू-मेरीच्या मूर्ती आणि चित्रं करू नयेत. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि हुकूम पुन्हा पुन्हा काढावा लागतो तो पाळला जात नाही म्हणून, हे सरकारी खात्याशी संबंध आलेल्या कुणालाही कळेल :-) चर्चेस भराभर उभी राहत होती, हात कमी होते, आणि कसबी हात ज्यांचे होते ते या मातीतले होते.

शब्दांचंही तसंच झालं. इंग्लंडचा जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने बायबलची कथा चक्क मराठी ओवीत लिहिली. 'क्रिस्तपुराण', दहा हजारांहून जास्त ओव्या, १६१६ मध्ये राशोलला छापलं, तेही रोमन लिपीत. पुराणं नव्या ख्रिस्त्यांच्या हातून काढून घेतली होती, आणि त्यांच्याजागी जे दिलं त्याचा साचा पुराणाचाच होता. त्याच्या जुन्या तीन आवृत्त्या निघाल्या, तिन्हींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणून कुठल्या काचेच्या कपाटात ते दिसत नाही, आणि सहलीतही त्याचं नाव निघत नाही.

दुपारी जेवून मंगेशीला निघालो. रस्ता थोडासाच. गटातल्या काकू म्हणाल्या, "चला, आता आपले देव." सकाळ त्यांची आणि दुपार आपली, अशी वाटणी सगळ्यांच्याच मनात होती, आणि गाईडनेही ती मोडली नाही. मंगेशी हे जागृत देवस्थान, सात मजली दीपमाळ, अमुक वाजता आरती.

पण मंगेश मुळात इथला नाही. तो कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. गोव्यात इन्क्विझिशन आलं १५६० ला (ते १८१२ पर्यंत टिकलं). त्याच सुमाराला कुठ्ठाळीच्या लोकांनी लिंग उचललं आणि जुवारी ओलांडून प्रियोळला आणलं, पोर्तुगीज हद्दीबाहेर. शांतादुर्गा केळशीहून आली, म्हाळसा वेर्ण्याहून. त्या वेळी फोंडा महाल होता आदिलशाहीत. म्हणजे ज्या आदिलशहाकडून गोवा हिसकावलं त्याच्याच मुलखात हे देव आसऱ्याला आले. सासष्टीतली देवळं १५६७ मध्ये पाडली गेली, त्याच वर्षी ती धर्मसभा कारागिरांवर हुकूम काढत होती, आणि त्याआधी पाचच वर्षं से कॅथेड्रलचं काम सुरू झालं होतं. आमच्या टेम्पो ट्रॅव्हलरने सकाळी आणि दुपारी दाखवली ती एकच गोष्ट होती. ज्याचा देव रात्रीतून नदीपार गेला तो सुतार दुसऱ्या दिवशी कामाला कुठे गेला असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पोट तर होतंच. कोरायला लाकूड होतं ते चर्चचं.

मी हे गाईडला विचारलं. त्याला सगळं ठाऊक होतं. म्हणाला, "सांगतो कधीकधी, गिऱ्हाईक बघून. सकाळी सांगितलं तर चर्चमध्ये भांडणं होतात, दुपारी सांगितलं तर लोक म्हणतात आम्हाला तिकडे नेलंच कशाला." मला त्याचा राग आला नाही. बारा अनोळखी माणसं आणि एक दिवस, त्यात चारशे वर्षांचं दुखणं उघडायचं म्हणजे सोपं काम नाही. तरी मला वाटतं सांगायला हवं, निदान आमच्यासारख्या गटाला तरी. आमच्यातल्या दोघातिघांनी मुलं शिकवण्यात आयुष्य घालवलंय.

मंगेशीचं आजचं वैभव नंतरचं. १७३९ मध्ये रामचंद्र मल्हार सुखटणकरांच्या सांगण्यावरून पेशव्यांनी हे गाव देवाला दिलं. कवळ्याची शांतादुर्गा १७३८ ची, शाहू महाराजांच्या काळात नारो राम मंत्र्यांनी बांधवली. तोपर्यंत कारागिरांच्या पिढ्यान् पिढ्या चर्चेसवर काम करून गेल्या होत्या. ते दिसतंच: गाभाऱ्यावर शिखर नाही, आठ बाजूंचा घुमट आहे, त्याला कठडे, भिंतींना अर्धगोल कमानीच्या खिडक्या आणि चिकटवलेले खांब.

आई प्रदक्षिणा घालून आली, घुमटाकडे बघत उभी राहिली, आणि गाईडने स्वतःहूनच सांगितलं, "तेच लोक, मावशी." तिने मान हलवली, पदराने घाम पुसला आणि विचारलं की नारळ कुठे मिळतो.