सात याद्या आणि पाच नोव्हेंबर

छोट्या चर्चच्या लायब्ररीसाठी सॉफ्टवेअर करायचं म्हटलं, की आपल्यासारख्यांच्या डोक्यात लगेच टेबलं तयार व्हायला लागतात. पुस्तकं, वाचक, देवघेव. तीन टेबलं, एक बारकोड स्कॅनर, झालं काम! पण ह्या विषयातले तीनशे वर्षांपूर्वीचे कायदे वाचले तर असं वाटतं, की रिक्वायरमेंट डॉक्युमेंट तेव्हाच लिहून झालं होतं. आपण फक्त कोडिंग करतोय :)

गोष्ट सुरू होते डॉ. टॉमस ब्रे ह्या इंग्लिश पाद्र्यापासून. १६९० च्या दशकात लंडनच्या बिशपने त्याला अमेरिकेतल्या मेरीलँड वसाहतीतल्या चर्चचं काम बघायला नेमलं. ब्रेच्या लक्षात आलं, की तिकडे जायला तयार होणारे पाद्री बहुतेक गरीब असतात, आणि पुस्तकं तर तेव्हा भयंकर महाग. मग ह्या माणसाने वर्गण्या गोळा करून जहाजांमधून पुस्तकंच पाठवायला सुरुवात केली. १६९८ साली त्याने एसपीसीके ही संस्था काढली. (हीच संस्था पुढे तरंगमबाडीच्या मिशनऱ्यांच्या मदतीला आली आणि तिने तिथे छापखाना पाठवला. म्हणजे ह्या गोष्टीचा एक धागा थेट तामिळनाडूत येतो.) ब्रेने पाठवलेला सगळ्यात मोठा संच अ‍ॅनापोलिसला गेला, सुमारे १,१०० पुस्तकांचा. पुस्तकांच्या चामडी बांधणीवर लायब्ररीचं नाव लॅटिनमध्ये ठसवलेलं होतं. आजच्या रबरी शिक्क्याचा खापरपणजोबाच म्हणा ना!

आता खरी गंमत बघा. चार्ल्सटाउनला (आजचं चार्ल्सटन) अशीच पुस्तकं पोचल्यावर तिथल्या विधिमंडळाने १७०० साली चक्क त्या लायब्ररीसाठी कायदा केला. लायब्ररी तिथल्या पाद्र्याच्या ताब्यात. कुठल्याही रहिवाशाने पावती लिहून द्यावी आणि पुस्तक न्यावं. मुदत पुस्तकाच्या आकारावर: मोठ्या फोलिओला चार महिने, मध्यम क्वार्टोला दोन, छोट्या ऑक्टेव्होला एक. हरवलं, खराब केलं तर किमतीच्या तिप्पट दंड. पुस्तकांच्या याद्या किती करायच्या? सात! एक वसाहतीच्या मालकांकडे, एक लंडनच्या बिशपकडे, एक खुद्द ब्रेकडे, बाकीच्या सरकारी दप्तर, देखरेख समिती, पाद्री आणि लायब्ररी अशा ठिकाणी. ह्याला आपण आज रिप्लिकेशन म्हणतो. आणि दर वर्षी ५ नोव्हेंबरला समितीने येऊन यादी आणि कपाट पडताळून बघायचं.

१७०८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनेही चर्चच्या लायब्ऱ्या टिकाव्यात म्हणून कायदा केला. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम हॅंडओव्हरचं आहे. पाद्री वारला, की नवा येईपर्यंत लायब्ररीला कुलूप. नव्याने आल्यावर सहा महिन्यांत स्वतः नवीन यादी करून तिच्यावर सही करायची आणि ती वरिष्ठांकडे द्यायची. सही म्हणजे काय, तर 'ही पुस्तकं आता माझ्या ताब्यात आहेत' ही कबुली. जुनी यादी पुढे ढकलून चालणार नाही! प्रोजेक्टमध्ये केटीच्या नावाखाली एक्सेल शीट मेल करून मोकळे होणाऱ्यांनी हे कलम फ्रेम करून लावावं.

तरीही अ‍ॅनापोलिसच्या त्या ११०० पुस्तकांतली आज जेमतेम दोनशेच्या आसपास उरली आहेत. कागदावर नियम असणं आणि दर वर्षी कोणीतरी कपाटासमोर उभं राहणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआच्या लायब्ररीचं जुनं सॉफ्टवेअर वायटूकेला टिकणार नव्हतं. त्यांनी १९९९ मध्ये नवीन लिहून घेतलं, जानेवारी २००० मध्ये सुरू केलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. तेच 'कोहा'. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. त्यामुळे आज अगदी छोट्या लायब्ररीलाही सॉफ्टवेअरच्या पैशांची अडचण नाही.

मग अडतं कुठे? एकतर चर्चमधली जुनी पुस्तकं. आयएसबीएन १९७० च्या सुमाराला आला, त्यामुळे त्याआधीच्या पुस्तकांवर स्कॅन करायला काही नसतंच. नाव, लेखक, साल हाताने भरावं लागतं. पण हे एकदाच करायचं काम आहे, चार रविवारांत होतं. खरा प्रश्न दुसराच. अशी लायब्ररी बहुतेक वेळा एका हौशी माणसाच्या जिवावर चालते. तो माणूस गाव बदलतो, आजारी पडतो, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. डेटाबेस म्हणतो 'पुस्तक कपाटात आहे'. कपाट काहीच म्हणत नाही.

म्हणून मला वाटतं, सॉफ्टवेअर निवडण्याआधी तीन गोष्टी कागदावर ठरवाव्यात. यादीची प्रत आणखी कोणाकडे राहील? पडताळणी वर्षातल्या कुठल्या तारखेला होईल? आणि माणूस बदलला की सही कोण करेल? तिन्हींची उत्तरं असतील तर साधी वहीसुद्धा पुरते. नसतील तर कोहासुद्धा वाचवू शकणार नाही.

असो. हे फक्त चर्चपुरतं नाही, तुमच्या सोसायटीच्या किंवा मंडळाच्या वाचनालयालाही तेवढंच लागू आहे. तिथे शेवटची पडताळणी कधी झाली होती, विचारून बघा एकदा.